तेहतीस लिटर पाणी, वीस लिटर बिअर: मधलं कुठे जातं?

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे बीड-परभणी-लातुरात बसून कुणी हे वाचून गॅसवर पातेलं चढवू नये. हे लिहितेय ते आपल्याकडून बाहेर गेलेल्या पोरापोरींसाठी. इंग्लंडात १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्राच्या कायद्यानं मोकळीक मिळाली. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमाफी आहे, आधी ती २०० लिटरपर्यंत होती. फक्त सुरू करण्याआधी तिथल्या कस्टम कार्यालयाला कळवावं लागतं. माझा भाचा श्टुटगार्टला असतो. त्यानं कळवलंय, मी कागद बघितला.

त्याचाच फोन आला होता. "कामून वं मावशे, पातेल्यात पंचवीस लिटर व्हती, बाटल्या भरल्या तर सोळाच लिटर निघाली. नऊ लिटर कुठं गेली?"

मी मूळची अंबाजोगाईची, मायक्रोबायॉलॉजी शिकून वाळूजच्या एका ब्रुअरीत लॅबला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तिथे रोज सकाळी एक कागद सगळ्यांच्या हातून फिरायचा. काल ब्रुहाऊसमधून, म्हणजे माल्ट भिजवून उकळायच्या विभागातून, किती वर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी) निघालं, सेलरला, म्हणजे आंबवायच्या थंड टाक्यांना, किती पोचलं, फिल्टरनंतर किती उरलं, बाटलीत किती गेलं. प्रत्येक टप्प्याची घट वेगळी लिहिलेली. एकूण घटीचा आकडा सगळ्यात खाली असायचा आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघायचं नाही, कारण त्या एका आकड्यावरून कुठला व्हॉल्व्ह आवळायचा ते कळत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर हा कागद फारच बारकाईनं वाचला जायचा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. लिटर-लिटर मोजायची माझी खोड तिथली आहे.

तर घरी पहिलं काम, मोजकाठी करा. लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या, तुमच्याच पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतत जा आणि दर लिटरला चाकूनं खाच पाडा. फर्मेंटरला, म्हणजे आंबवायच्या भांड्याला, बाहेरून चिकटपट्टी लावून तेच करा. विकत मिळणाऱ्या बादल्यांवरच्या छापील खुणांवर माझा भरवसा नाही.

मग हिशोब उलटा करायचा, बाटलीकडून पातेल्याकडे. समजा अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या हव्यात, म्हणजे २० लिटर. भरताना नळीत आणि तळाला अर्धा लिटर राहणार. फर्मेंटरच्या बुडाशी यीस्टचा थर आणि त्यात अडकलेली बिअर मिळून दीड लिटर. तपासणीचे नमुने ३०० मिली. म्हणजे फर्मेंटरमध्ये २२.३ लिटर पडायला हवं. पातेल्याच्या तळाचा गाळ एक लिटर धरला तर थंड वर्ट २३.३ लिटर. उकळतं वर्ट २० अंशांवर येईपर्यंत साधारण ४ टक्के आकसतं, म्हणून गॅस बंद करताना २४.३ च्या खाचेला लागलेलं दिसलं पाहिजे. तासाभराच्या उकळीत साडेतीन लिटर वाफ होते असं धरू (पातेलं किती रुंद आणि आच किती, त्यावर हे अवलंबून, स्वतः एकदा साधं पाणी उकळून मोजा). म्हणजे उकळीआधी २७.८. आणि ५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) स्वतःत ५ लिटर पाणी धरून बसतं. झालं ३२.८, म्हणजे ३३ लिटर पाणी.

भाच्याचे नऊ लिटर याच रांगेत उभे करून शोधले. पंचवीसचं माप त्यानं उकळत्या वर्टचं घेतलं होतं, म्हणजे एक लिटर मुळात नव्हतंच. पातेल्याच्या तळाला तीन लिटर गाळासकट सोडून दिले. फर्मेंटर काठोकाठ भरला म्हणून फेसाबरोबर एक लिटर बाहेर. मग कुठेतरी वाचून बिअर दुसऱ्या भांड्यात काढली, तिथे एक लिटर गेला. यीस्टच्या थरावर अडीच. आणि पठ्ठ्या रोज उठून नमुना काढून त्यात हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) बुडवायचा, त्यात अर्धा लिटर. नऊ पूर्ण.

यातली वाफ आणि गाळात राहिलेलं वर्ट यांना एका रांगेत बसवू नका. वाफ गेली तर फक्त पाणी जातं, साखर पातेल्यातच राहते. गाळात, चोथ्यात, फेसात जे जातं त्याच्याबरोबर साखर जाते, म्हणजे बिअरच जाते. त्यामुळे झाकण लावून वाफ वाचवायच्या फंदात पडू नका. फिक्या पिल्सनर माल्टला तर झाकण उघडंच हवं, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास बिअरमध्ये राहतो.

दळण आणि चोथा

सगळ्यात स्वस्तात मिळणारी बिअर दळणात आहे. मूठभर दळलेलं माल्ट पांढऱ्या कागदावर पसरून बघा. अख्खा दाणा एकही दिसायला नको, आतला पांढरा भाग तीन-चार तुकड्यांत फुटलेला हवा आणि टरफल शक्यतो सलग हवं. चक्कीच्या रुळांत एक मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. कापडी पिशवीत मॅश करत, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवत, असाल तर आणखी बारीक चालतं, कारण गाळायचं काम पिशवी करते, टरफलांवर ते अवलंबून नसतं. दुकानातून दळून आणलेल्या माल्टमध्ये अख्खे दाणे फार असतात, ते निमूटपणे घरी आणू नका. पुन्हा दळून मागा.

फरक किती पडतो ते बघा. चांगल्या फिक्या माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त ३०० अंश-लिटर निघतात. म्हणजे एका लिटर पाण्यात ती सगळी साखर उतरली तर ग्रॅव्हिटी (पाणी १.००० धरून मोजलेला जडपणा) १.३०० होईल, असं कागदावर समजायचं. ५ किलोचे १५००. पंचाहत्तर टक्के उतरले तर ११२५, ते २३.३ लिटरमध्ये वाटले तर लिटरला ४८, म्हणजे १.०४८. भरड दळणात साठच टक्के उतरले तर १.०३९. तेवढंच माल्ट, तेवढाच गॅस, आणि हातात पातळ बिअर. किंवा मग ती १.०४८ ला आणायची तर साडेचार लिटर कमी.

मॅश ६५ ते ६७ अंशांवर तासभर. संपताना बशीत थेंबभर घ्या, त्यात आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी वीस मिनिटं थांबा. तो बशीतला थेंब मात्र पुन्हा पातेल्यात नाही टाकायचा.

आता चोथा. किलोला एक लिटर धरून ठेवतो म्हटलं, तो पिळला तर निम्म्यावर येतो. म्हणजे ५ किलोला दोन-अडीच लिटर गोड वर्ट हातात पडतं. पिळलं की कडवट-तुरट होतं असं सगळीकडे सांगतात. तुरटपणा येतो तो दाब दिल्यानं नाही. फार गरम आणि पीएच वाढलेल्या पाण्यानं चोथा धूत बसल्यानं येतो. पिळा बिनधास्त. श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी पिशवी पातेल्यावर टांगून ठेवायची, अर्धा तास निथळू द्यायची आणि मग हातमोजे घालून वरून ताटलीनं दाबायची. चोथा धुवायचाच असेल तर खाली येणाऱ्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की थांबा. त्यापुढे पाणी मिळतं, बिअर नाही मिळत.

ज्वारी घालायची असेल तर

भाच्यानं विचारलंच. श्टुटगार्टच्या भारतीय दुकानात ज्वारी मिळते, मग मालदांडीची चव बिअरमध्ये का नको? बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढंच बसतं, ज्वारी नाही. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात प्यायच्या बिअरला ते कोण विचारतो. ज्वारीनं बिअर वाढते आणि खर्च उतरतो, फक्त एक गोष्ट पाळली तर.

ज्वारीचा स्टार्च ६५ अंशांना उमलत नाही. त्याला सत्तरच्या वर, कधी पंचाहत्तरच्याही पुढे जावं लागतं. कच्चं ज्वारीचं पीठ सरळ मॅशमध्ये टाकलं तर ते पीठच राहतं. साखर मिळत नाही आणि बिअर मात्र गढूळ. म्हणून आपण करतो तशा कण्या करायच्या. ज्वारी भरडून घ्या, चौपट पाण्यात घाला, त्यात एकूण माल्टमधलं मूठ-दोन मूठ टाका (त्यानं कण्या घट्ट गोळा होत नाहीत) आणि मंद आचेवर अर्धा तास शिजवा. ढवळत राहा, बुडाला लागली तर ती करपट चव शेवटच्या बाटलीपर्यंत सोबत येते. मीठ-ताक अर्थातच नाही. मग त्या कण्या सत्तरच्या खाली आल्या की मुख्य मॅशमध्ये मिसळायच्या. जवाच्या माल्टमधली एन्झाइम्स त्यांचीही साखर करतात. एकूण धान्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ज्वारी ठेवा. ज्वारीला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे पिशवी न वापरता गाळणीच्या भांड्यात काम करत असाल तर मूठभर भाताचं तूस स्वच्छ धुऊन घाला, नाहीतर सगळं चोंदून बसेल. कण्यांत गेलेलं पाणी त्या ३३ लिटरमधूनच वजा करायचं आहे, विसरू नका.

पातेल्याचं बूड

हॉप्स पाणी पितात. पेलेटच्या, म्हणजे हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्यांच्या, १०० ग्रॅममागे पाऊण लिटर तरी गेलं समजा. म्हणून ज्याला खूप हॉप्सची बिअर हवी त्यानं बाटल्या कमीच धराव्या. कडवटपणा कमी वजनात हवा असेल तर जास्त अल्फा आम्ल असलेले हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घाला, सुगंधाचे शेवटी.

उकळी संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आयरिश मॉस किंवा त्याची गोळी टाका. ते समुद्रशैवाल आहे, शाकाहारी घरात चालतं. प्रथिनं एकत्र येऊन खाली बसतात आणि गाळ घट्ट होतो. वर्ट थंड झालं की मोजकाठीनं एकाच दिशेला जोरात गोल फिरवा, काठी काढा आणि वीस मिनिटं पातेल्याला हात लावू नका. मधोमध गाळाची टेकडी बसते. कडेनं नळी घालून हळू ओढलं तर टेकडीभोवतीचं सगळं स्वच्छ वर्ट येतं.

उरलेला गाळ फेकायचा नाही. उंच काचेच्या बरणीत ओतून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी दोन भाग स्पष्ट दिसतात, खाली हिरवट-करडा चिखल आणि वर चहाच्या रंगाचं नितळ वर्ट. दीड लिटर गाळातून पाऊण लिटर तरी मिळतं. ते अलगद ओतून घ्या, पंधरा मिनिटं उकळा, गार करा, फर्मेंटरमध्ये घाला. थोडा गाळ फर्मेंटरमध्ये गेला तर घाबरू नका, घरगुती बिअरचं त्यानं काही बिघडत नाही. हॉप्सचा चिखल मात्र आत घेऊन काही मिळत नाही, तो तळाला जाडी वाढवतो आणि शेवटी तेवढीच बिअर घेऊन बसतो.

पातेलं लहान असेल तर मोठ्या ब्रुअऱ्यांची युक्ती घ्या. तिथे वर्ट घट्ट बनवतात, आंबवतातही घट्टच, आणि बाटलीत भरण्याआधी हवा काढलेलं पाणी घालून हव्या त्या प्रमाणावर आणतात. टाक्या तेवढ्याच, बिअर जास्त. घरी हवा काढलेलं पाणी कुठून आणणार? म्हणून पाणी यीस्ट घालायच्या आधी घालायचं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन यीस्ट वापरून टाकतं. १८ लिटर १.०६० चं वर्ट असेल तर १८ गुणिले ६०, १०८०. ते १.०५० ला आणायचं तर १०८० भागिले ५०, २१.६ लिटर. म्हणजे ३.६ लिटर उकळून गार केलेलं पाणी. कडवटपणाही त्याच प्रमाणात उतरतो, तेव्हा हॉप्स २१.६ लिटरचेच मोजा. आंबून झाल्यावर पाणी घालू नका, आठवड्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

आणि ती तांब्याची कॉइल. तिच्यातून २० लिटर वर्ट गार करायला साठ-सत्तर लिटर पाणी सहज गटारात जातं. भाच्याला बजावलंय, पहिलं गरम पाणी पातेलं घासायला, पुढचं कपड्यांच्या मशीनला. तिकडे नळाला चोवीस तास पाणी असलं म्हणून काय झालं.

फर्मेंटर

वर एक चतुर्थांश जागा रिकामी सोडा. तीस लिटरच्या भांड्यात बावीस-तेवीसच. लहान भांडंच असेल तर फेस मारणारे सिमेथिकॉनचे थेंब मिळतात, ते घाला.

नमुने तीनच. सुरुवातीला एक, आठवड्यानं एक, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक. शेवटचे दोन आकडे सारखे आले की आंबणं संपलं. वेगळे आले तर आणखी थांबा. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर बाटली फुटते, आणि फुटलेल्या काचेनं डोळा जाऊ शकतो. नमुना पिऊन टाका, परत ओतू नका. दुसऱ्या भांड्यात काढायचं नाव काढू नका, साध्या बिअरला त्याची गरज नाही.

यीस्ट निवडताना पाकिटावर बघा, खाली घट्ट बसणारं आहे का. इंग्लिश एल या प्रकारच्या बिअरची बरीच यीस्टं तळाला लादीसारखी बसतात. गव्हाच्या बिअरची यीस्टं महिनाभर तरंगत राहतात आणि तळाचा थर भुसभुशीत असतो.

भांडं ठेवतानाच एका बाजूला खाली बोटभर जाडीची फळी सरकवा. पहिल्या दिवसापासून तिरकं असलं की यीस्ट एका कडेला जमतं. आंबणं संपल्यावर १ ते ३ अंशांवर तीन दिवस. सेलरमध्ये आम्ही मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना स्वेटर घालून शिरायचो, ते याचसाठी. थंडीत यीस्ट बसतं, थर आवळतो आणि त्यात अडकलेली बिअर वर येते. गार होताना भांडं एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढतं, तेव्हा एअरलॉक काढून तोंड घट्ट बंद करा. भांडं मऊ प्लास्टिकचं असेल तर थोडं चेपतं, चेपू द्या. काचेच्या भांड्याला मात्र असं करू नका. जिलेटिननं थर आणखी घट्ट होतो, पण ते प्राण्याचं असतं. आमच्या घरात ज्यांना चालत नाही त्यांनी तीनऐवजी पाच दिवस गार ठेवायचं, बस्स.

भरायच्या दिवशी भांडं आदल्या रात्रीच टेबलावर ठेवा, म्हणजे हलवल्यानं उठलेलं यीस्ट पुन्हा बसतं. साखर बादलीत कालवण्यापेक्षा प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीन ग्रॅम टाका. एक बादली वाचली, तिच्या तळाचा पाव-अर्धा लिटर वाचला, आणि बिअरला हवा कमी लागली.

नळी खोल जागी नाही, वरच्या बाजूला धरून पातळीबरोबर खाली आणायची. कारखान्यात टाकी रिकामी होत आली की ऑपरेटर पाइपच्या काचेवर बॅटरी धरून उभा राहायचा. सोनेरी, सोनेरी, मग धुरासारखी एक रेघ, आणि पुढच्या क्षणाला काच दुधाळ. रेघ दिसली की व्हॉल्व्ह बंद. घरी पारदर्शक नळी वापरा आणि तीच रेघ बघा. रेघेनंतर दोन-तीन बाटल्या अजून निघतात, त्या सोडायच्या नाहीत, पण झाकणावर मार्करनं फुली मारायची. त्या आधी प्यायच्या, पाहुण्यांना द्यायच्या नाहीत. भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी ही गढूळ बिअर फार छान लागते, कांदाभजी चांगली कुरकुरीत होतात.

या फुलीच्या बाटल्यांपुढेही काढायला गेलात तर ते बिअर म्हणून धरू नका. तळाच्या त्या दीड लिटरात आता मुख्यतः यीस्ट आहे आणि पुढची बॅच तीच आंबवते. उकळलेल्या पाण्यानं धुतलेल्या बरणीत भरा, झाकण सैल ठेवा (आत वायू तयार होत राहतो), फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात. पुढच्या २० लिटरला पाव लिटर घट्ट यीस्ट पुरतं. दोन आठवड्यांच्या आत वापरा. झाकण उघडल्यावर ताज्या पावासारखा वास आला तर घ्या. आंबट किंवा जळक्या रबराचा आला तर कुंडीत.